इसिदासीचे ऋण आणि बागेतील फरशी

थेरीगाथेतील इसिदासी थेरीची कथा बहुधा तिच्या वैवाहिक दुःखासाठी सांगितली जाते. त्याच कथेतील एका लहानशा प्रसंगाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. एका पूर्वजन्मी ती दरिद्री गाडीवानाची कन्या होती. बाप अनेकांचा ऋणको. व्याज साचत गेले आणि एके दिवशी एका सार्थवाहाने त्या रडणाऱ्या मुलीला घरातून ओढून नेले. बाजार भरला नाही, बेड्या आल्या नाहीत. केवळ व्याज पुरेसे ठरले. आज ज्याला आपण कर्जापोटी वेठबिगारी म्हणतो, तिचे हे वर्णन होय.

अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात तथागतांनी उपासकांसाठी पाच व्यापार निषिद्ध ठरविले. त्यांपैकी एक सत्तवणिज्जा. अट्ठकथेनुसार तिचा अर्थ मनुष्यविक्रय. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, वेळोवेळी सुट्टी द्यावी. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखात दास व भृतक यांच्याशी योग्य वर्तनाचा उल्लेख आहे, आणि त्या लेखाचा अंश आपल्या सोपाऱ्यासही सापडला आहे. हे सर्व अभिमानाने सांगावे असेच आहे. परंतु इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, महावग्गात ऋणको आणि दास या दोघांनाही प्रव्रज्या नाकारलेली आहे. सावकार व धनी यांचा हक्क संघाने मोडला नाही. दासाचे भवितव्य मालकाच्या सदाचरणावर राहिले.

ती मर्यादा बाबासाहेबांनी ओलांडली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक त्यांनी मांडले, तेव्हा जमिनीच्या क्षुल्लक तुकड्याच्या बदल्यात सबंध कुटुंबाला अहोरात्र राबविणारी प्रथा त्यांच्यासमोर होती. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार व वेठबिगार यांना मनाई केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर अशा कर्जाची परतफेड करण्याचे दायित्वच नष्ट केले. या कायद्यातील वेठबिगारीच्या व्याख्येत घेतलेल्या उचलीबरोबरच वाडवडिलांचे कर्ज आणि विशिष्ट जातीतील जन्म ही कारणेही नमूद आहेत. आमच्या वाचकांनी ही व्याख्या मुळातून वाचावी. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने एशियाड प्रकल्पांवरील मजुरांच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले कामही सक्तीचे श्रम ठरविले, आणि फरिदाबादच्या दगडखाणींतील वेठबिगारांचा प्रसिद्ध खटलाही त्याच काळातला.

दगडखाणीतच हा इतिहास आजही थबकलेला आहे. राजस्थानातील बुंदी जिल्ह्यात बुधपुरा परिसरात वालुकाश्म निघतो. तेथील फरशी ब्रिटनमधील घरांच्या बागांत अंथरली जाते. तिच्या एका लोकप्रिय राखी छटेस तेथे ‘कांडला ग्रे’ म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकापर्यंत बंदराचे नाव पोहोचते, खाणीचे पोहोचत नाही! खाणीतील टाकाऊ दगड फोडून चौकोनी ठोकळे घडविण्याचे काम तर अनेकदा घरापुढच्या अंगणात, नगावारी, बायका आणि मुले करीत आली आहेत. धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कर्ता पुरुष खाटेला खिळला की औषधासाठी नवी पेशगी घ्यावी लागते आणि ती पुढे मुलाच्या डोक्यावर बसते. राजस्थानात या बंधनाला ‘सागडी’ म्हणत. १९६१ सालीच तेथे तिच्याविरुद्ध कायदा झाला होता.

ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याने ३ कोटी ६० लाख पौंड वा त्याहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. बागा सजविणारी दहा-बारा माणसांची कंपनी त्यातून सुटते. आमच्या मते खरी कसोटी तिचीच आहे. आयातदाराचे प्रमाणपत्र बहुधा कारखान्याच्या फाटकापाशी संपते. ठोकळे घडविणारे अंगण त्यात येत नाही. म्हणून तिने खाणीचे नाव मागावे, मुकादमाच्या गैरहजेरीत मजुरांशी कोणी बोलले काय हे विचारावे, आणि हजेरीपटाआधी पेशगीची वही पाहण्याचा आग्रह धरावा. इसिदासीचा बाप हजेरीपटावर सापडला नसता. भाव पाडून मागणाऱ्याने मात्र असे प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण पाडलेला भाव शेवटी त्या अंगणातूनच वसूल होतो. आणि दोष आढळताच खरेदी थांबवून मोकळे होणे हाही उपाय नव्हे. काम जाते, कर्ज राहते. आधी कर्जमुक्ती व मुलांची शाळा, मग व्यवहाराचा निर्णय, असा क्रम हवा.

बुंदी दूर आहे असे कोणी म्हणू नये. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून घेते ती उचल आणि बुंदीची पेशगी यांत फरक भाषेचाच आहे. गेल्या काही वर्षांत आपली विहारे सुंदर झाली. अंगणात फरशी आली, भोवती बाग आली. ती फरशी कोणत्या खाणीतली, तिच्या घडाईची मजुरी कोणाच्या हाती पडली, हे आम्ही आमच्या कंत्राटदाराला विचारले नव्हते.