पुराआधीचं पुणं

आमच्या घरात काळ मोजायची रीत वेगळी होती. अमक्याची मुंज पुराआधी, तमकीचं लग्न पुरानंतर, असा हिशोब. पूर म्हणजे एकच, पानशेतचा, १२ जुलै १९६१चा. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, तरी आजीच्या तोंडून तो इतक्यांदा ऐकला होता की लहानपणी मला वाटायचं, आपणही तेव्हा तिथंच होतो.

आजी गेली. आता सांगणारी उरली ती आत्या, ऐंशीच्या घरातली, आणि तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा. मध्यंतरी एका रविवारी सकाळी दोघांना घेऊन माझी लेक आणि मी पेठांत गेलो. आत्याने रिक्षा अप्पा बळवंत चौकातच सोडायला लावली. "पेठा पायांनी बघायच्या असतात गं," म्हणाली आणि काठी टेकत पुढे निघालीसुद्धा.

आधी पोटोबा. मुंजाबाच्या बोळात बेडेकरांकडे मिसळ खाल्ली, स्लाइस ब्रेड बुडवून. ती किंचित गोडसर चव बाबांच्या जिभेवर बसलेली आहे, दुसरीकडची झणझणीत मिसळ त्यांना मिसळ वाटतच नाही. आत्याने मात्र इथं बसून खायला पुष्कळ उशिरा सुरुवात केली. तिच्या लहानपणी पेठेतल्या मुलींनी हॉटेलात बसायचं नाही, असा आजोबांचा दंडक. ते स्वतःच कधीमधी कागदात बांधलेली भजी घेऊन यायचे. तेलाने पारदर्शक झालेला तो कागद आत्याला अजून दिसतो.

आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. आता तिथं पाच मजली इमारत आहे, खाली पार्किंग. आत्या एका मोटारीपाशी थांबली. "इथं आड होता, आणि त्या तिथं आमचं स्वयंपाकघर." मग तिने त्या दिवसाला हात घातला.

पानशेतचं धरण मुठेवर नव्हे, तिला मिळणाऱ्या आंबी नदीवर. मातीचं धरण. काम पुरं व्हायच्या आतच त्यात पाणी साठवलं आणि पाऊस कोसळायला लागला. भिंत खचतेय म्हटल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. धरण फुटलं ते सकाळी. ते रात्रीच फुटतं तर गाव झोपेतच गेलं असतं, असं सांगताना आजी हात जोडायची. त्या लोंढ्यापुढे मग खडकवासल्याची दगडी भिंतही टिकली नाही.

घरी चूल पेटलेली होती. कुणीतरी बोळातून "धरण फुटलं, पळा" ओरडत गेलं. आजीने भाताचं पातेलं उतरवलं, मंगळसूत्र चाचपलं, मुलांना पुढे घातलं आणि शुक्रवार पेठेत तिच्या मावशीचं घर गाठलं. बाबांच्या आठवणीत ती देवघरातला बाळकृष्णही घेऊन निघाली होती. आत्या म्हणते, छे, देव माझ्या परकराच्या ओच्यात होते. यावर दोघांचं भर रस्त्यात चांगलंच वाजलं. लेक हसून म्हणाली, देव वाचले ना?

आजोबा त्या वेळी नदीपलीकडे, शिवाजीनगरला कचेरीत. लकडी पूल पाण्याखाली, नवा पूल पाण्याखाली. पेठा इकडे, डेक्कन तिकडे. पेशवाईत पानिपतानंतर पहिल्यांदा लाकडाचा बांधला म्हणून लकडी पूल हे नाव पडल्याचं सांगतात. त्या पानिपतालाही तेव्हा दोनशे वर्षं झालेली. पाणी उतरू लागल्यावर आजोबा खडकी, येरवडा करत बंडगार्डनच्या पुलावरून फिरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. मधल्या वेळात आजी एक शब्द बोलली नव्हती. ते दारात दिसल्यावर एवढंच म्हणाली, "हातपाय धुवा, पिठलंभात आहे."

मावशीच्या दोन खोल्यांत तेव्हा चार कुटुंबं जेवत होती. नळ कोरडे, वीज नाही. पेशव्यांच्या वेळचे हौद आणि वाड्यांमधले आड कामी आले. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आणलं होतं. ते पाणी आत्याने हौदावरून कळशीने वाहिलं.

घरी परतल्यावर उरला होता गाळ. मातीच्या भिंती बसलेल्या, भिजून फुगलेल्या धान्याचा आंबूस वास. लोक गाळ उपसत आणि सापडलेली भांडी बोळाच्या तोंडाशी मांडून ठेवत. तेव्हा भांड्यांवर नावं घातलेली असत, म्हणून ज्याचं त्याला मिळे. शेजारच्या काकूंचा हंडा आमच्या आडापाशी निघाला, आमची परात दोन वाडे पलीकडे. एक पितळी पातेलं मात्र कुणी ओळखलंच नाही. त्याच्या काठाखाली ठोक्याठोक्यांनी घातलेली अक्षरं आहेत: "सौ.", मग चेपून गेलेलं नाव, पुढे "हिस सप्रेम भेट, शके १८७२". आजीने ते जपून ठेवलं. दर दसऱ्याला चिंचेने लख्ख घासायची, पण त्यात कधी काही शिजवलं नाही. दुसऱ्याच्या लेकीचं आहे, म्हणायची.

पुढे वाडा उभा राहिला नाही. आधी पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये काढलेले दिवस, चैत्रात आत भट्टी व्हायची. मग सहकारनगरचं घर. पेठेतले शेजारी असे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर करत पांगले. आज पुणं एवढं पसरलंय त्याची कारणं पुष्कळ, पण आमच्या घरापुरती त्याची सुरुवात त्या सकाळी झाली. आजीला नवं घर आवडलं होतं. भाजी मात्र ती शेवटपर्यंत मंडईतूनच आणायची, बस बदलून. डाळिंब्या तिथल्याच गोड, असं म्हणे. खरं म्हणजे तिला तिथं जुनी माणसं भेटायची.

हे सगळं आम्ही घरी बसून विचारलं असतं तर आत्या "झालं गेलं" म्हणून मोकळी झाली असती. त्या पार्किंगमध्ये उभी राहिली आणि तिला आड, भजीचा कागद, पिठलंभात, सगळं लागोपाठ आठवलं. तुमच्याकडे असं कुणी पुराआधीचं माणूस असेल तर गुडघे चालताहेत तोवर त्यांना पेठेत न्या, आणि पोरांना बरोबर घ्या. आमचं पातेलं बाबांनी आता लेकीच्या हवाली केलंय. तिने चेपलेल्या अक्षरांचा फोटो काढून पेठेतल्या जुन्या घरांमधून विचारायला सुरुवात केली आहे. ज्यांचं असेल त्यांना ते सापडेपर्यंत दसऱ्याला चिंच लावायचं काम तिचं.