जुन्या मोटारींचे मंद दिवे

तेरणेच्या कांठचें माकणी हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. त्या संस्थानांत रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ मोटारगाड्यांनिशीं प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या पिढीच्या मोटारींचा उजेड अंधुक असे, ही समजूत खोटी नव्हे. मात्र त्याचें सारें खापर बल्बवर फोडणें न्यायाचें नाहीं.

आरंभीं मोटारीला कार्बाइडचा दिवा असे. कार्बाइडवर पाणी ठिबके, वायु निघे व तो काडीनें पेटवावा लागे. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत विजेचे दिवे आणि विजेनें इंजिन सुरू करण्याची सोय एकत्र आली. फोर्डच्या टी मोटारीला १९१५ च्या सुमारास विजेचे दिवे मिळाले, पण वीज येई ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोंतून. इंजिन मंदावलें कीं दिवे मिणमिणत! म्हणून चालक मुद्दाम खालच्या गिअरमध्यें इंजिन पळवीत.

पुढें बॅटरीवरचे दिवे रूढ झाले. पण पुष्कळ मोटारींची बॅटरी सहाच व्होल्टांची होती. खरी गोम येथें आहे. दोन दिवे मिळून ७२ वॅटचे धरले, तर सहा व्होल्टांवर त्यांना १२ अँपियर प्रवाह लागतो. वाटेंत विसांश ओहम एवढासा विरोध असला, तरी ०.६ व्होल्ट, म्हणजे दाबाचा दहावा हिस्सा, तेथेंच खर्ची पडतो. उजेड मात्र दहाव्या हिश्श्यानें नव्हे, सुमारें तीस टक्क्यांनीं घटतो.

हा विरोध बहुधा परतीच्या वाटेवर दडलेला असतो. तेथें तार नसते. प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून परततो, आणि गंज, रंग वा सैल पेंच त्याला अडवितो. दिवे लावून व्होल्टमीटरचें एक टोंक दिव्याच्या धातूच्या बैठकीला व दुसरें बॅटरीच्या सांगाड्याला जोडलेल्या टोंकाला लावावें. कांटा शून्याजवळ न राहिला, तर दोष सांपडला. मग बॅटरीच्या दुसऱ्या टोंकापासून बल्बपर्यंतची वाटहि तशीच तपासावी. हें न करतां मोठा बल्ब घातला, तर प्रवाह वाढतो, गळती वाढते आणि जुन्या तारा तापतात. रात्रीच्या प्रवासांत तारेनें पेट घेणें हें अंधारापेक्षां वाईट.

परावर्तकाकडेहि पाहावें. जुन्या दिव्यांत त्यावर चांदीचा पातळ थर असे. तो काळवंडला म्हणून चुलीच्या राखेनें तांब्या घांसावा तसा घांसणारे महाभाग आहेत! अशानें काळेपणाबरोबर चांदीहि जाते, आणि मग तो पुन्हां मुलामा देणाऱ्याकडेच न्यावा लागतो.