साथ आली की बाई काय करतात?

२०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती, आठवतं ना? माझ्या धाकटीला बाईंनी दुसऱ्याच तासाला घरी पाठवलं. त्या दिवशी गटाच्या कर्जाचं बँकेत काम होतं, ते बुडालं. मी रागानं शाळेत गेले. "एवढ्याशा डोळ्यांसाठी?" बाई म्हणाल्या, "ताई, माझ्या वर्गात बत्तीस लेकरं आहेत. आणि घरी म्हातारी सासू."

मी गप्प बसले. तेव्हापासून मनात आलं, साथीच्या काळात शिक्षकांनी आजवर काय काय केलं असेल?

सुरुवात आपल्या पहिल्या बाईंपासूनच करू. सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवलं, हे आपल्याला पाठ आहे. त्यांचं शेवटचं काम मात्र शाळेतलं नव्हतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोहोचला. माणसं घरदार सोडून पळत होती. सावित्रीबाईंचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याला त्यांनी बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू झाला. मुंढव्याच्या वस्तीतला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचं कळलं, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला, असं सांगतात. त्यांना मात्र प्लेगनं गाठलं. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. धोका त्यांना कळत नव्हता असं नाही. कळत होता, तरी त्या गेल्या.

त्याच महिन्यात पुण्यात सोजीर घरोघरी झडती घेऊ लागले. लोक घाबरून आजारी माणूस लपवू लागले. लपवलं की साथ वाढते.

पुढची गोष्ट देवीची. १९७४-७५ मध्ये देवीचा रोगी शोधायला आरोग्य कर्मचारी गावोगावी फिरत. त्यांच्या हातात देवी आलेल्या बाळाचं चित्र असे. ते शाळेत जाऊन मुलांना विचारत, "असं कुणी पाहिलंय का?" मोठी माणसं लपवत, पण पोरं खरं सांगत. शेवटी शेवटी रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस होतं. मे १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. गावातली खबर आधी शाळेत येते, ती अशी.

कोरोना तर आपणच पाहिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. गावाकडे पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. शाळा बंद होती, पण शिक्षक घरी बसले नव्हते. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत अनेक ठिकाणी गुरुजी आणि बाई आशाताईंबरोबर दारोदार फिरले. त्यांनाही भीती होतीच, घरी त्यांचीही लेकरं होती.

म्हणून आता मला बाईंचा राग येत नाही. पण माझी अडचणही खोटी नव्हती. आजारी लेकरू घरी पाठवलं आणि घरी कुणीच नसलं, तर आई मजुरी बुडवते, नाहीतर दुसऱ्या दिवशी लेकराला गुपचूप शाळेत धाडते. हेही लपवणंच झालं.

यावर आमच्या गटानं तोडगा काढला. साथ असेल तेव्हा आजारी लेकराजवळ थांबायला पाळी लावली. ज्या बाईचं त्या दिवशी शेतावर काम नाही, ती थांबते. लेकराचा टॉवेल, रुमाल वेगळा ठेवते आणि हात साबणानं धुते. डोळ्यांची साथ नुसतं बघितल्यानं नाही, हातातून आणि कापडातून पसरते. घरात ताप, पुरळ किंवा डोळे आले, की त्याच दिवशी बाईंना निरोप जातो.

पुढच्या बैठकीत तुमच्याही गटात हा विषय घ्या. बाईंनाही बोलवा. त्यांना काय भीती वाटते, ते एकदा विचारा.