कावळ्यांच्या कोलाहलातून उलगडणारे शिकारी पक्षी

जळगाव शहरापासून काही किलोमीटरवर वसलेले असोदा हे गाव महाराष्ट्राला दोन कारणांनी परिचित आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये येथे झाला, आणि भरिताच्या वांग्यांसाठीही गावाचे नाव घेतले जाते. सुगरणीच्या खोप्यावरील बहिणाबाईंची कविता पाठ्यपुस्तकांमुळे घरोघरी पोहोचली. पण त्याच शिवाराच्या आकाशात घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांकडे मात्र सहसा कोणी मान वर करून पाहत नाही. कपाशी, केळी आणि गावाला लागून असलेली जुनी झाडे असा परिसर असला, की शिकारी पक्षी पाहण्यासाठी सातपुड्यात जावे लागत नाही. घराची गच्ची पुरते. वाटाड्याही आयताच मिळतो, तो म्हणजे कावळा.

गावात कावळ्यांच्या दोन जाती आढळतात. मानेभोवती राखी पट्टा असलेला तो गावकावळा. आकाराने मोठा, जाड चोचीचा आणि सर्वांगाने काळा तो डोमकावळा. दोघांचेही नेहमीचे ओरडणे आणि धोक्याचा इशारा यांत स्पष्ट फरक असतो. इशाऱ्याचा आवाज कर्कश, घाईचा असतो आणि तो ऐकताच आजूबाजूचे कावळे क्षणात गोळा होतात. कावळे एकाच फांदीकडे वाकून ओरडत असतील, तर पानांत घुबड, मांजर किंवा साप असण्याचा संभव अधिक. ते हवेत पाठलाग करीत असतील, तर पुढे उडणारा पक्षी शिक्रा किंवा घार असतो. आवाजाच्या दिशेने प्रथम दुर्बीण वळवावी, हा पक्षीनिरीक्षणातील जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

आपल्याहून बलवान पक्ष्याच्या अंगावर कावळा का जातो? शिकारी पक्ष्याचे सारे यश अचानकपणावर अवलंबून असते. एकदा तो उघडा पडला, की त्या जागी शिकार साधत नाही आणि त्याला निघून जावे लागते. शिवाय या गोंगाटातूनच कावळ्यांच्या तरुण पिढीला शत्रू कोण हे कळते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे अनेक वर्षे तो मुखवटा दिसताच कावळे कल्ला करीत. ज्यांना कधी पकडलेच नव्हते असे कावळेही त्यात सामील होत. तेथील कावळ्यांची जात वेगळी असली, तरी घरटे उतरवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर नेमके टोचे मारणारा आपल्याकडील कावळा पाहिलेल्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

घार ओळखणे सर्वांत सोपे. तपकिरी रंग आणि मध्ये खाच असलेली शेपटी ही तिची खूण. जमीन तापून हवेचे ऊर्ध्वगामी झोत सुरू झाले, की पंख न हलवता ती वर चढते. शिक्रा कबुतराएवढाच असतो. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेषा, डोळा लाल. तो दाट झाडीत दबा धरतो आणि सरडे, खारी, लहान पक्षी टिपतो. मात्र येथे हमखास फसगत होते ती पावशामुळे. पावसाळ्यापूर्वी ज्याचे ओरडणे शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ असे ऐकू येते, तो पावशा रंगाने व उडण्याच्या ढबीने हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. तो शिकारी नव्हे, कोकिळेच्या कुळातला. लहान पक्षी त्याला पाहून घाबरतात आणि तेवढ्यात मादी सातभाईच्या घरट्यात अंडे घालते. चोच पाहावी: शिक्र्याची आकडीसारखी वळलेली, पावशाची जवळपास सरळ. कोतवालाची लबाडी तर याहून पुढची. तो शिक्र्याचा आवाज काढून साळुंक्यांना उडवून लावतो आणि त्यांनी टाकलेला घास पळवतो.

कपाशीच्या मुलखात कापशी न दिसती तरच आश्चर्य. पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. विजेच्या तारेवर बसावे, मग शेतावर पंख फडफडवत हवेत एकाच जागी थांबावे आणि पाय खाली सोडून उंदरावर उतरावे, ही तिची रीत. हिवाळ्यात खरुचीही असेच करते, परंतु ती विटकरी रंगाची आणि लांब शेपटीची असते. याच दिवसांत मध्य आशियातून येणारे भोवत्ये पिकांवरून अगदी खालून तरंगत जातात आणि रात्री गवतात, जमिनीवरच वस्ती करतात. पाणथळीवरचा दलदल भोवत्या पाहायचा असेल, तर तापीवरील हतनूर धरण गाठावे.

सूर्य मावळला, की डाव उलटतो. दिवसा घुबडाला हैराण करणारा कावळा रात्री त्याचे भक्ष्य ठरतो. पंचतंत्रातील ‘काकोलूकीय’ हे तंत्र याच वैरावर उभे आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात वडावर झोपलेल्या कावळ्यांना ठार मारणारे घुबड पाहूनच अश्वत्थाम्याला रात्रीच्या संहाराची कल्पना सुचते. गावातील गव्हाणी घुबड मात्र मुख्यतः उंदरांवर जगते. ते उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळीच्या रूपाने तोंडावाटे टाकते. बसण्याच्या जागेखाली सापडणारी अशी गोळी पाण्यात भिजवली, तर आतील कवट्या मोजून रात्रभरात किती उंदीर फस्त झाले याचा हिशेब लागतो. अशा पक्ष्याला अशुभ मानून दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी बळी दिले जाते, ही दुर्दैवाची गोष्ट होय.

घुबडांच्या बाबतीत खानदेशाला आणखी एक मान आहे. १८८४ नंतर ज्याचा खात्रीचा पुरावा मिळाला नव्हता, तो रानपिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळील जंगलात पुन्हा आढळला. ११३ वर्षे हा पक्षी नामशेष झाल्यासारखाच होता.

गिधाडांच्या नशिबी असे पुनरागमन आलेले नाही. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. असिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांवरील बंदीला २०२३ उजाडले. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय उपलब्ध असल्याने पशुपालकांनी पशुवैद्यकाकडे त्याचीच मागणी करावी.

कपाशीच्या पट्ट्यात दुसरा धोका फवारणीचा. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या हंगामात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारल्यानंतर तेच नाकतोडे खाऊन स्वेन्सन जातीचे हजारो बाज मेले. हेच कीटकनाशक भारतातील कापूस उत्पादकांनी वर्षानुवर्षे वापरले, आणि कापशी, खरुची व भोवत्ये हेही नाकतोडे खातात. उंदरांसाठी ठेवलेल्या विषाचेही तसेच आहे: विष खाऊन सुस्तावलेला उंदीरच कापशीला आणि घुबडाला सर्वांत आधी सापडतो. संक्रांतीला त्यात नायलॉन मांजाची भर पडते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरीही झाडांत अडकलेले तुकडे पुढे अनेक महिने पंख कापत राहतात. ते काढून टाकावेत.

कायद्याच्या दृष्टीने कावळा दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. तेव्हा एप्रिल ते जूनमध्ये अंगणातल्या झाडावर कावळ्याचे घरटे दिसल्यास ते पाडू नये. त्यात कोकिळेचे पिल्लू वाढत असण्याचीही शक्यता असते. झाडाखाली शिक्र्याचे वा पिंगळ्याचे पिल्लू सापडले आणि त्याला जखम नसेल, तर त्याला घरात नेऊन दूधभात भरवण्याचा मोह टाळावा. ते जवळच्या उंच फांदीवर ठेवून दूर व्हावे. पालक पक्षी बहुधा आसपासच असतात. जखमी असल्यास हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवून वन विभागाला कळवावे.