आभाराचा भार

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक गोष्ट फिरत असते. जपानी लोक ‘धन्यवाद’ म्हणताना ‘अरिगातो’ म्हणतात, पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’ म्हणतात. म्हणजे जपान्यांनी हा शब्द पोर्तुगीजांकडूनच उचलला! ऐकायला अगदी पटतं. पण तारखा जुळत नाहीत.

पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१०मध्ये आणि ते जपानला पोचले १५४३मध्ये. त्याच्या पाचेकशे वर्षं आधी, साधारण इसवी सन १०००च्या सुमारास, जपानच्या राजदरबारात सेई शोनागॉन नावाची एक बाई होती. ‘माकुरा नो सोशी’ या तिच्या पुस्तकात याद्याच याद्या आहेत. त्यातली एक यादी ‘अरिगाताकी’ म्हणजे सहसा न सापडणाऱ्या गोष्टींची. सासरा ज्याचं कौतुक करतो असा जावई. सासूची लाडकी सून. केस नीट उपटणारा चांदीचा चिमटा. हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजही कुठल्याही फॅमिली ग्रुपवर खपेल.

‘अरिगातो’ याच शब्दाच्या घरातला. मूळ अर्थ, ‘असणं कठीण’. म्हणजे जपानी माणूस आभार मानतो तेव्हा मुळात म्हणत असतो, की हे घडलं नसतंही.

‘ओब्रिगादो’चा अर्थ मात्र वेगळा आहे : ‘बांधील’. तुम्ही माझ्यासाठी काही केलंत, आता मी तुम्हाला बांधलो गेलो. आपला ‘आभार’ही याच जातीचा, त्यात ‘भार’ उघड दिसतो. आपण उपकार ‘फेडतो’, उपकारातून ‘उतराई’ होतो. ही सगळी भाषा कर्जाची आहे. ती जुनीही आहे : तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो, ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं, असं म्हटलं आहे.

कर्ज म्हटलं की सावकार आलाच. आपल्या गावगाड्यात बलुतेदाराला वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्य मिळे. ते त्याच्या घामाचं मोल होतं. पण देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असला, की मोलाचे उपकार व्हायला वेळ लागत नाही. आजही ‘आम्ही तुला नोकरी दिली’ हे वाक्य कधी आणि कशासाठी ऐकवलं जातं, ते आठवून पाहा.

हा धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका ओळखला होता. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात ते म्हणाले, की देशासाठी आयुष्य वेचलेल्या थोरांबद्दल कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असतात. आयरिश नेता डॅनियल ओकॉनेल याचा दाखला देऊन त्यांनी सांगितलं, की स्वाभिमान गहाण टाकून कुणी माणूस कृतज्ञ राहू शकत नाही आणि स्वातंत्र्य गहाण टाकून कुठलं राष्ट्रही. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं गेलं.

मग कृतज्ञता सोडूनच द्यायची का? बाबासाहेबांनी वापरलेल्या कल्पनेसाठी आपल्याकडे जो शब्द आहे, त्यात भार नाही. ‘कृत’ म्हणजे केलेलं, ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी काय केलं गेलं हे ज्याला माहीत आहे, तो कृतज्ञ. इंग्रजीतला ‘थँक’ही ‘थिंक’चा सख्खा नातलग आहे. इथे परतफेडीची अट नाही. अट आहे ती नीट लक्ष देण्याची.

हे लक्ष कसं असतं? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात. जिथे वर्षभर जू घासलं, त्याच खांद्याला हळद-तूप लावून मळतात. बैलाला नुसता नमस्कार करून भागत नाही, भार नेमका कुठे पडला ते ठाऊक असावं लागतं. पोळ्यानंतर जू पुन्हा खांद्यावर येतंच, हेही खरं. खांदा मळल्याने हिशोब मिटत नाही, पण खांदा दिसतो तरी.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सर्व्हर पडला की सगळ्यांना कळतं. तो वर्षभर पडला नाही, तर त्यामागे कोण रात्री जागलं हे कुणी विचारत नाही. नळाला पाणी येतं, सोसायटीतला कचरा सकाळी उचललेला असतो, डबा वेळेवर पोचतो. न घडणं सहज शक्य होतं, तरी घडलं. सेई शोनागॉनच्या भाषेत हे सगळं ‘अरिगाताकी’च.

आपण दिवसातून वीस वेळा ‘थँक्स’ टाइप करतो, हात जोडलेला इमोजी पाठवतो. त्यातल्या एकाला तरी नेमकं काय केलंत ते लिहून पाठवावं : “काल रात्री दोन वाजता तुम्ही तो बग शोधलात, म्हणून मी झोपू शकलो.” आणि जो कचरा उचलतो, त्याचं नाव माहीत करून घ्यावं. त्याला पगार वेळेवर मिळतो का, हेही विचारावं. कारण जाणणं खरं असेल, तर ते गोड शब्दांवर थांबत नाही.