घडीच्या सायकलचे हँडल

घडीची सायकल म्हणजे काम झाल्यावर दुमडून रेल्वेच्या डब्यात, एसटीच्या डिकीत किंवा जिन्याखाली ठेवता येणारी लहान चाकांची सायकल. चाके बहुधा 16 किंवा 20 इंची. अँड्र्यू रिची यांची ब्रॉम्प्टन आणि डेव्हिड हॉन यांची डाहोन या दोन घराण्यांनी 1980च्या दशकात या सायकलीला आजचे रूप दिले. साध्या सायकलचे हँडल बसणाऱ्याच्या सोयीने ठरते. हिचे आधी घडीच्या सोयीने.

या सायकलीची पुढची दांडी, म्हणजे हँडलचा खांब, लांब असते. चाक लहान, म्हणून मूठ हातापर्यंत आणायला खांब उंच करावा लागतो आणि तो बुडाशी बिजागरीवर दुमडतो. उभे राहून चढ मारताना हँडल खेचले की तो सारा जोर त्या बिजागरीवर येतो. खांब जितका लांब तितका ताण जास्त. काही डोलणे साहजिक आहे, पण बिजागरीत खडखडणे नव्हे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी आणि बिजागरीच्या फटीवर बोट ठेवावे. बोटाला हालचाल जाणवली तर बिजागरीचा खटका सैल आहे. खांब वरखाली करता येत असेल, तर त्यावरच्या कमाल उंचीच्या खुणेपलीकडे तो ओढू नये.

आता घाटातल्या वाटेचे उदाहरण घेऊ. पोलादपूर तालुक्यातले कुडपण हे डोंगरातले, पावसाळी धबधब्यांचे गाव. कोकण रेल्वेने वीरला उतरावे, महाडवरून पोलादपूर गाठावे आणि पुढे डोंगरात शिरावे, असा बेत घडीच्या सायकलीला शोभतो. पण अशा वाटेसाठी हँडल चढाकडे पाहून निवडले जाते, तिथे गफलत होते. चढ हलक्या गिअरवर बसून निघतो, नाहीतर उतरून ढकलता येते. हाताची परीक्षा उतारावर असते. लहान रिम लवकर तापते, ब्रेक पुन्हापुन्हा दाबावे लागतात, आणि पावसात ओली रिम उशिरा पकडते. दोन बोटे सतत ब्रेकच्या खटक्यावर राहतील आणि मनगट मोडणार नाही, तेच हँडल घाटाचे.

म्हणून माझे मत सरळ हँडलच्या बाजूने पडते. त्याची रुंदी साधारण खांद्याइतकी असावी. लहान चाक हाताच्या जराशा इशाऱ्याने वळते, त्यामुळे फार अरुंद हँडलवर सायकल उतारावर चंचल होते. टोकांना छोटी शिंगे लावली की चढात पकड बदलता येते आणि तळहात बधिर होत नाहीत. मात्र घडीत ती आड येतात का, हे लावण्याआधी पाहावे. वर उचललेले हँडल पाठीला बरे, शहरात उत्तम. उताराला मात्र पुढच्या चाकावरचे वजन कमी करते.

रेसच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल देखणे दिसते, पण त्याचा खर्च हँडलपाशी थांबत नाही. त्याची नळी 23.8 मिमीची, सरळ हँडलची 22.2; जुने ब्रेकचे खटके त्यावर बसत नाहीत. नव्या खटक्यांची तार ओढण्याची मापे वेगळी, त्यामुळे व्ही-ब्रेक असतील तर तेही बदलावे लागतात किंवा मध्ये जुळवणी घालावी लागते. एवढे करून घडी जाडच होते.

हँडल बदलताना खांबही मोजावा. ब्रॉम्प्टनमध्ये वर उचललेल्या हँडलला आखूड खांब आणि सरळ हँडलला लांब खांब अशी जोडी असते. नुसते हँडल बदलले तर मुठीची उंची बिघडते आणि दुमडल्यावर मूठ जमिनीला टेकू शकते. खांब दोन चाकांच्या मध्ये दुमडणाऱ्या सायकलीत उंच हँडल आऱ्यांना भिडते. तारांनाही घडीत वळायला जागा लागते. आखूड तार दुमडताना ताणते, फार लांब तार पायात येते. हँडल कापायचे ठरल्यास आधी मुठी आत सरकवून त्या रुंदीवर चालवून पाहावे, मगच दोन्ही बाजूंनी सारखे कापावे.