निंबोळी आपली, साबण कोणाचा?



मृगाचा पाऊस पडला की बांधावरच्या लिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. पाच टक्के अर्कापुरत्या आपण वेचतो, बाकीच्या पायाखाली जातात. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या भागात आता बचत गटाच्या ताई कडुलिंबाचा हातानं केलेला साबण विकायला बसलेल्या दिसतात. गिऱ्हाईक वडी उचलून म्हणतं, "घरचाच साबण, मग एवढा महाग कसा?" ह्याचं उत्तर जुन्या इतिहासात आहे. म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवून साबणावर लिहितो.

आपल्याकडं साबणाची वडी फार जुनी नाही. अंगाला डाळीचं पीठ, डोक्याला शिकेकाई, कपड्याला रिठा नाहीतर राख, असं चालायचं. आपल्या जिल्ह्यातल्या पैठणचं नाव लावणारी पैठणी आजही जाणती माणसं रिठ्याच्या पाण्यातच धुतात. राखेत पोटॅशचा क्षार असतो, तो तेलकट मळ सोडवतो. तेल आणि क्षार एकत्र आले की साबण होतो. कारखान्यात झाला काय आणि पातेल्यात झाला काय, मूळ हेच.

विलायती साबण कलकत्त्याच्या बंदरात १८८८ साली उतरला, तो लिव्हर कंपनीचा सनलाइट. आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य. मनमाडहून रेल्वे औरंगाबादला पोचली १९०० साली. मग मुंबईचा माल इथल्या पेठेत यायला बैलगाडीची गरज राहिली नाही. पण त्या काळात साबणात जनावराची चरबी असायची, म्हणून बऱ्याच घरांत तो शिवत नसत. ही अडचण ओळखली अर्देशर गोदरेज यांनी. कुलपं करणारा हा माणूस. त्यानं १९१८ साली चरबी न घालता वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला. ह्याच अर्देशर यांनी पुढं १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. साबण तेव्हा स्वदेशीचा विषय होता, नुसता अंघोळीचा नव्हता.

आता खरी गोष्ट १९३४ सालची. त्या वर्षी ऑक्टोबरात लिव्हर कंपनीनं मुंबईत शिवडीला साबणाचा कारखाना सुरू केला. डिसेंबरात गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं ठिकाण वर्धा, आणि कामाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडं. दोन महिन्यांच्या अंतरानं, आपल्याच महाराष्ट्रात, दोन वाटा फुटल्या. एक म्हणाली, तेल शहरात आणा, साबण आम्ही करतो. दुसरी म्हणाली, तेल गावात निघतं तर साबणही गावातच व्हावा. १९४१ सालच्या 'रचनात्मक कार्यक्रम' ह्या पुस्तिकेत गांधीजींनी दळण, कांडण, कागद, तेलघाणी ह्यांच्या ओळीत साबणाचंही नाव घेतलंय.

स्वातंत्र्यानंतर १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग आला. त्यानं अखाद्य तेल आणि साबण हा वेगळा उद्योगच धरला. विचार सरळ होता: करडई, भुईमुगाचं तेल माणसाला खायला राहू द्या, साबणाला निंबोळी, करंज वापरा. बांधावरच्या झाडाला ना पाणी लागतं ना खत. कल्पना सोळा आणे खरी होती.

मग वर्ध्याची वाट मागं का पडली? पहिलं कारण आपल्याला माहीत आहे. निंबोळी पडते ऐन पावसात आणि पेरणीच्या घाईत. ओली पोत्यात भरली की बुरशी धरते, तेल आंबट आणि काळं निघतं. दुसरं, त्या तेलाचा वास उग्र. तिसरं, घाण्याच्या पेंडीत बरंच तेल राहून जातं. गिरणी ते सॉल्व्हंटनं काढून घेते. चौथं, साबण होताना ग्लिसरीन सुटतं, तेलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मोठे कारखाने ते काढून वेगळं विकतात. म्हणजे एकाच तेलाचे दोनदा पैसे. घरच्या साबणात ते वडीतच राहतं. कातडीला ते चांगलं, पण त्याचा दाम कोणी देत नाही.

त्यावर पावडर आली. सर्फ १९५९ ला, निरमा १९६९ ला. कपड्याची वडी मागं सरकली. तरी कपड्याचा साबण लघुउद्योगांसाठी राखीव होता. ते आरक्षण एप्रिल २०१५ मध्ये उठलं. त्याच वर्षी देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. एकीकडं लहान साबणवाल्याची कुंपणाची काठी गेली, दुसरीकडं त्याच्या तेलाला मोठं गिऱ्हाईक उभं राहिलं. गुजरातेत भरूचच्या जीएनएफसी ह्या खत कंपनीनं गावच्या बायांकडून निंबोळी गोळा करून घेतली, तेल युरियाला वापरलं, आणि कडुलिंबाचा साबणही बाजारात आणला. निंबोळी वेचणाऱ्या बाईच्या हातात त्यामुळं चार पैसे पडले, हे मान्यच. पण वडीवर नाव कंपनीचं.

आता त्या ताईंचा हिशोब बघा. एक किलो निंबोळी तेलाला १३५ ते १४० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, खोबरेल तेलाला १८० ग्रॅमच्या वर. मोजायला चांगला काटा पाहिजे. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. हातात मोजे, डोळ्याला चष्मा. वड्या पाडल्यावर चार ते सहा आठवडे वाळवायच्या, तोवर भांडवल फळीवर अडकून पडलेलं. अंगाचा साबण १९८२ च्या दुरुस्तीपासून सौंदर्यप्रसाधनाच्या कायद्यात येतो, म्हणून विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना पाहिजे. महाग का, ते ह्यात आलं. आणि कोणी "आमच्या साबणात केमिकल नाही" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. क्षाराशिवाय साबण होतच नाही. माप बरोबर असेल तर तो तेलात पूर्ण मुरतो, एवढंच.

माझं म्हणणं एवढंच आहे मित्रांनो. साबणाच्या इतिहासात ज्याच्या हातात तेल, त्याच्या हातात धंदा. मोठ्या कारखान्यांचं पामतेल मलेशिया-इंडोनेशियातून येतं, आणि आपली निंबोळी चिखलात जाते. साबण सगळ्यांनी करावा असं नाही. पण निंबोळी वेळेवर वेचा, गर काढून धुवा, सावलीत कडक वाळवा, मगच पोत्यात भरा. गावातल्या गटाला असा माल मिळाला तर त्यांचं तेलही चांगलं निघेल आणि भावही गावातच ठरेल.

तुमच्या बांधावर लिंबाची किती झाडं आहेत, आणि यंदा तुमच्याकडं वाळलेल्या निंबोळीला काय भाव मिळाला, ते खाली लिहा. आपण भाव एकमेकांना सांगितला तर व्यापाऱ्याला मनाचा भाव लावता येणार नाही.